पुराने पुसलेले नकाशे आणि वाहून आलेला दारूगोळा

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री उत्तर सिक्कीममधले दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या पायथ्याचे सरोवर फुटले. समुद्रसपाटीपासून पाच हजार मीटरांहून अधिक उंचीवरचे ते पाणी दगडगोटे आणि गाळ घेऊन तिस्तेच्या खोऱ्यात उतरले. वाटेत चुंगथांगचे सुमारे ६० मीटर उंचीचे धरण त्याने फोडले आणि सिंगताम, रांगपो मागे टाकून ते बंगालच्या मैदानाकडे निघाले. शंभराहून अधिक माणसे मेली किंवा बेपत्ता झाली. बारदांग येथे लष्कराची वाहने गाळाखाली गाडली गेली आणि जवान वाहून गेले. या आपत्तीवर पुढे पुष्कळ लिहिले गेले. हवामानबदल, जलविद्युत प्रकल्प, हिमसरोवरांवरची देखरेख अशा अनेक अंगांनी चर्चा झाली. त्या मानाने दोनच दिवसांनी घडलेली एक घटना लवकर विस्मरणात गेली.

५ ऑक्टोबरला जलपायगुडी जिल्ह्यातल्या क्रांती भागात, तिस्तेकाठच्या एका वस्तीत उखळी तोफेचा गोळा फुटला. त्यात लहान मुलाचा जीव गेला आणि आणखी माणसे जखमी झाली. पुरात लष्कराचा दारूगोळाही वाहून गेला होता, त्यातलाच हा गोळा. नदीत तो सापडला, भंगारात चार पैसे येतील म्हणून घरी आणला गेला आणि हाताळताना फुटला, असे त्या वेळच्या बातम्यांत आले. त्याच सुमारास पोलीस आणि लष्कर नदीकाठच्या लोकांना सांगत होते, की वाहून आलेल्या अनोळखी वस्तूंना हात लावू नका. लष्कराने काठाने शोधपथकेही नेमली. म्हणजे सूचना निघाली होती. ती त्या घरापर्यंत वेळेत पोहोचली नाही, किंवा पोहोचून उपयोगी पडली नाही.

न फुटलेल्या शस्त्रांबद्दल बोलताना आपल्या डोळ्यांसमोर युद्धभूमी येते. पूर आला की हा प्रश्न युद्धभूमीची हद्द ओलांडतो आणि ज्यांनी युद्ध कधी पाहिले नाही त्यांच्या अंगणात येतो. अशा वेळी सावधगिरीची सूचना द्यायची म्हणजे नेमके काय करायचे, याचा अनुभव जगात काही ठिकाणी जमा झालेला आहे. त्यातला सर्वांत बोलका अनुभव बोस्नियाचा आहे.

बोस्निया-हर्जेगोविनातले युद्ध १९९२ ते १९९५ असे चालले. मागे राहिले भूसुरुंग. ते कोणी एका सैन्याने शिस्तीत आखलेल्या पट्ट्यात पेरलेले नव्हते. लढाईची रेघ सरकत गेली तसतसे ते टेकडीच्या उतारावर, ओढ्याच्या काठी, फळबागेच्या कडेला पेरले गेले. डेटन करारानंतर लढणाऱ्या पक्षांनी आपापल्या नोंदी दिल्या, काही धड, काही अर्धवट. त्या नोंदी आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे तिथल्या सुरुंगविरोधी केंद्राने वर्षानुवर्षे नकाशे तयार केले. संशयित जागांच्या कडेला कवटीचे चित्र असलेले लाल फलक ठोकले. २०१४ साली, म्हणजे युद्ध संपून जवळपास दोन दशके उलटल्यावरही, सुमारे १,२०,००० सुरुंग आणि न फुटलेली स्फोटके जमिनीत शिल्लक असल्याचा अंदाज होता. संशयित क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटर होते.

तरीही लोक जगत होते. कारण गावकऱ्याला ठाऊक असे, की अमक्या ओढ्यापलीकडे जायचे नाही, तमक्या उतारावर गुरे सोडायची नाहीत. मुलेही हे ऐकतच मोठी होत. हा अलिखित नकाशा सरकारी नकाशाइतकाच कामाचा होता, माझ्या मते थोडा अधिकच.

त्या वर्षीच्या मे महिन्यात बाल्कन प्रदेशात असा पाऊस झाला, की नोंदी ठेवायला लागल्यापासूनच्या १२० वर्षांत तसा झालेला नव्हता. बोस्ना, साव्हा, द्रिना, वर्बास या नद्यांना पूर आले. डोबोय, मागलाय ही शहरे पाण्यात गेली. डोंगर खचले, दरडींची संख्या हजारांत मोजावी लागली. पूर आणि दरडी ज्या भागात होत्या, त्यातच जुन्या आघाडीच्या रेषा होत्या. सुरुंग जागचे हलले. फलकही हलले, आणि ही गोष्ट वाटते त्याहून गंभीर आहे. फलक वाहून गेलेली जमीन आता निर्धोक दिसत होती. उलट जिथे धोका नव्हता तिथे वाहून आलेला फलक गाळात रुतून बसला होता. गावकऱ्याच्या डोक्यातला नकाशाही त्या एका आठवड्यात खोटा ठरला. वीस वर्षे ज्या परड्यात भाजी लावली, त्यात आता वरच्या टेकडीची माती येऊन पडली होती. ओळखीची जागा म्हणून माणूस जितका निर्धास्त, तितका तो अधिक धोक्यात.

पूर दारूगोळा हलवतो हे खरे, पण त्याहून मोठे नुकसान तो दारूगोळ्याविषयीच्या माहितीचे करतो. युद्धानंतरची नेहमीची सूचना ‘तिकडे जाऊ नका’ अशी असते. तिला ‘तिकडे’ म्हणजे कुठे हे सांगता यावे लागते. पुरानंतर ते सांगता येत नाही. जून २०२३ मध्ये युक्रेनमधले काखोव्का धरण फुटले तेव्हा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसच्या तज्ज्ञांनी हीच अडचण जाहीरपणे मांडली होती. सुरुंग आधी कुठे होते याची कल्पना होती, आता ते प्रवाहाच्या खालच्या बाजूला कुठेतरी आहेत एवढेच सांगता येते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. नीपर नदीच्या काठांवर दोन्ही बाजूंची सैन्ये समोरासमोर होती आणि काठ सुरुंगांनी भरलेले होते. ते पाणी पुढे काळ्या समुद्राला मिळाले. ओदेसाच्या किनाऱ्यावर घरांची छपरे, झाडे, मेलेली जनावरे लागली, आणि प्रशासनाला लोकांना समुद्राकडे फिरकू नका असे सांगावे लागले.

लोखंडी गोळा पाण्यात वाहतो कसा, ही शंका स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर वस्तूप्रमाणे बदलते. उत्तर कोरियाचा एक सुरुंग चक्क लाकडी पेटीचा असतो. पेन्सिली ठेवायच्या कंपासपेटीहून थोडा मोठा, आत सुमारे २०० ग्रॅम टीएनटी. तो तरंगतो. पावसाळ्यात असे सुरुंग इमजिन नदीतून दक्षिण कोरियात येतात. २०१० च्या जुलैअखेरीस मासेमारीला गेलेल्या दोघांनी असे सुरुंग उचलून बरोबर घेतले. त्यातला एक जागीच गेला, दुसरा जखमी झाला. बोस्नियातले माणसांविरुद्धचे काही सुरुंग प्लॅस्टिकचे आणि तळहातावर मावतील एवढे होते. त्यातल्या एकाला लोकांनी डबाबंद मांसाच्या चटणीचे नाव दिले होते, कारण तो तसाच दिसे. असे हलके सुरुंग गाळाबरोबर सहज सरकतात. जड वस्तू पाण्याने फारशा वाहत नाहीत. त्या दरडीबरोबर जातात किंवा नदीचा काठ खचला की तळाशी घरंगळत राहतात. तिस्तेत तर नुसते पाणी नव्हतेच. दगड, माती, झाडे आणि मोटारी यांचा तो रगडा होता. त्यात कोठारातल्या पेट्या गेल्या. पेटी बंद असेतो बऱ्यापैकी तरंगते, आणि कुठेतरी खडकावर आपटून फुटली की आतला माल तिथून पुढे एकेक करून पसरतो.

आता दुसरी शंका, आणि ही जीवघेणी आहे. इतके दिवस पाण्यात राहिलेला बार निकामी होत नसेल का? दिवाळीच्या अंकात हे समजावणे त्या मानाने सोपे. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावरून न फुटलेले फटाके गोळा करायचा उद्योग आपल्याकडच्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या केला आहे. त्यात एक ज्ञान आपोआप मिळते, की दवाने भिजलेला फटाका फुसका. ते ज्ञान फटाक्यापुरते खरे आहे. जुन्या पद्धतीच्या काळ्या दारूत सोरा असतो आणि सोरा पाण्यात विरघळतो, म्हणून दारू मरते. लष्करी गोळ्यात टीएनटीसारखे स्फोटक असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शिवाय ते वितळवून पोलादी कवचात ओतलेले असते, वरून कवच बंद. पाणी आत जायला वाव नाही, आणि गेले तरी बिघडण्यासारखे फारसे काही नाही. बिघडतो तो फ्यूज, म्हणजे स्फोट सुरू करून देणारा नाजूक भाग. गंजाने आणि धक्क्यांनी तो काय रूप घेईल ते बाहेरून पाहणाऱ्याला कळत नाही.

तोफेतून कधीच न उडवलेला गोळा हा उडवून न फुटलेल्या गोळ्याच्या तुलनेत कमी धोक्याचा असतो, कारण उडताना बसणाऱ्या झटक्यानेच बहुतेक फ्यूज जागे होतात. कोठारातून वाहून आलेला माल पहिल्या प्रकारचा. पण ही तुलना बॉम्बशोधक पथकाने करायची. गाळात अर्धी रुतलेली वस्तू कोणत्या प्रकारची आहे हे गावातल्या कोणी ठरवू नये, माजी सैनिकानेही नाही. प्रत्येक गावात ‘मी फौजेत होतो, मला कळतं’ म्हणणारा एखादा असतोच. सूचना देणाऱ्यांनी त्याला आधी गाठावे आणि आपल्या बाजूला घ्यावे.

सूचना ऐकूनही लोक हात का लावतात? अडाणीपणा हे उत्तर सोयीचे आहे, म्हणून ते वारंवार दिले जाते. मला ते पटत नाही. त्यासाठी सिक्कीमला जायचीही गरज नाही. अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्राच्या परिसरात तोफगोळ्यांचे धातूचे तुकडे वेचताना, गोळे फोडून भंगार काढताना माणसे मेली आहेत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावच्या दारूगोळा कोठाराजवळ जुनी स्फोटके नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जण ठार झाले. त्या मैदानावर आसपासची माणसे धातूच्या तुकड्यांसाठी जात असत, हे त्यानंतर पुढे आले. या लोकांना गोळा म्हणजे काय हे पक्के ठाऊक होते. तांब्यापितळेचा भावही ठाऊक होता. त्यांनी दोन्हींचा हिशेब केला होता.

पुरानंतर तर हिशेब आणखीच बदलतो. घर, भांडी, धान्य, जनावरे गेलेली असतात. नदीने वरच्या गावांतून आणलेली लाकडे, पत्रे, गॅसच्या टाक्या, मोटारींचे सुटे भाग काठावर पडलेले असतात. कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा किंवा चिपळूणचा २०२१ चा पूर ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल, पाणी ओसरल्यावर पहिले आठ-पंधरा दिवस माणसे चिखलात हात घालूनच जगतात. त्यांना ‘कशालाही हात लावू नका’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. घर तर साफ करायलाच हवे. काम करताना काय करावे हे सूचनेने सांगितले पाहिजे. चिखल हाताने न उपसता लांब दांड्याच्या फावड्याने वरवर ओढायचा. टिकाव-कुदळीचे घाव घालायचे नाहीत. ओळखू न येणारी धातूची किंवा प्लॅस्टिकची वस्तू दिसली की काम थांबवून ज्या पावलांनी आलो त्याच पावलांनी मागे फिरायचे. शेजाऱ्याला हाक मारून थांबवायचे. कचऱ्याचा ढीग पेटवायचा नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे, कारण पुराचा कचरा पेटवून देणे ही सगळीकडची रीत आहे. सापडलेली वस्तू विहिरीत किंवा नदीत टाकून ‘विझवणे’ हा प्रकारही स्पष्ट शब्दांत नाकारावा लागतो. ती फक्त पुढच्या गावाकडे पाठवली जाते.

चित्रांचाही एक घोटाळा आहे. धोक्याची माहिती देणाऱ्या भित्तिपत्रकांवर गोळ्यांची स्वच्छ, रंगीत चित्रे असतात. चिखलाचा थर बसलेला, पाती तुटलेली, गंजलेली वस्तू त्या चित्रासारखी दिसत नाही. चित्रात नाही म्हणजे धोक्याची नाही, असा अर्थ लोक काढतात, आणि तसा अर्थ काढण्यात त्यांची चूक नाही. लाओसमध्ये अमेरिकेने १९६४ ते १९७३ या काळात वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले. त्यातल्या गुच्छबॉम्बचे चेंडूएवढे गोळे आजही जमिनीत आहेत आणि मुले ते खेळायला उचलतात. तिथल्या शिक्षणात चित्रांपेक्षा गाणी, बाहुल्यांचे खेळ आणि शाळेतला सराव यांवर भर दिला गेला. २०१८ च्या जुलैमध्ये त्याच देशात अट्टापू प्रांतातले धरण फुटले तेव्हा हजारो बेघरांसाठी नवी जागा शोधताना आधी जमिनीत बॉम्ब नाहीत ना हे तपासणे भाग होते. मदतकार्याचे वेळापत्रकच त्यामुळे वेगळे होते. मदत घेऊन बाहेरगावाहून येणारे स्वयंसेवक हा आणखी एक गट. उत्साही, घाईत असलेले, आणि स्थानिक इतिहासाविषयी अनभिज्ञ. बोस्नियात त्यांना वेगळे गाठून सांगावे लागले.

भाषेचा मुद्दा आपण भारतात तरी विसरता कामा नये. तिस्तेच्या वरच्या अंगाला नेपाळी, लेपचा, भूतिया. खाली उतरले की बंगाली आणि राजवंशी. चहामळ्यांच्या वस्त्यांत सादरी. नदी पुढे बांगलादेशात जाते. एकाच पत्रकाचे सरकारी बंगालीत छापील रूप यातल्या कितीजणांपर्यंत पोहोचेल? रिक्षावर भोंगा लावून फिरणारा स्थानिक माणूस, बाजाराच्या दिवशी सांगणारा दुकानदार, अंगणवाडीताई ही माध्यमे जुनी वाटतात, पण वीज गेलेली असताना आणि मोबाइलचे मनोरे पडलेले असताना तीच चालतात. आपल्याकडे कोतवालाने दवंडी देण्याची पद्धत होती. तिच्यात एक गुण होता. ऐकणारा तिथल्या तिथे उलट प्रश्न विचारू शकत असे.

आणखी एक अडचण बोलून दाखवली जात नाही. सापडलेली वस्तू पोलिसांना कळवायची म्हणजे ठाण्याची पायरी चढायची. तुला कुठे सापडली, तू तिथे काय करत होतास, आधी किती विकल्या? स्फोटक पदार्थ बाळगणे हा आपल्याकडे १९०८ पासून गंभीर गुन्हा आहे. ज्याचे पोट भंगारावर आहे तो माणूस कळवण्यापेक्षा वस्तू गुपचूप शेजारच्या शेतात सरकवेल. म्हणून सूचनेत पहिल्या दोन वाक्यांतच सांगितले पाहिजे, की कळवणाऱ्याची चौकशी होणार नाही, नाव विचारले जाणार नाही. आणि ते खरेही असले पाहिजे. एका माणसाला चार तास बसवून ठेवल्याची बातमी सगळ्या काठाने पसरते. बक्षीस द्यावे का? मला वाटते, वस्तूमागे पैसे देणे घातक आहे, कारण मग लोक त्या शोधायला आणि उचलून आणायला निघतात. त्यापेक्षा भंगाराच्या दुकानदारांना हाताशी धरणे बरे. गावोगाव विकत घेणारा तोच असतो. त्याने घेणे थांबवले की उचलण्याचे कारण बरेचसे संपते, आणि त्याच्या वजनकाट्याभोवती जमणाऱ्या माणसांना तो दहा पत्रकांचे काम करून देतो.

राहिला वेळेचा प्रश्न. पुराची सूचना पाणी येण्याआधी द्यायची असते हे सगळ्यांना कळते. वाहून आलेल्या दारूगोळ्याची सूचना पाणी ओसरण्याआधी द्यावी लागते, आणि ती द्यायला लागणारी माहिती फक्त लष्कराकडे असते. कोठारातून काय गेले, किती गेले हे सांगणे लष्करी सवयीच्या विरुद्ध आहे, ते समजण्यासारखेही आहे. पण खाली राहणाऱ्यांना प्रकार आणि संख्या नको असते. पेटी कशी दिसते, किती मोठी, कोणत्या रंगाची, एवढे पुष्कळ झाले. नदीकाठच्या कोठारांसाठी हे पत्रक आधीच छापून जिल्हाधिकारी कार्यालयात ठेवता येईल. धरणातून पाणी सोडण्यापूर्वी खालच्या गावांना कळवण्याची पद्धत आपल्याकडे आहेच. त्याच यादीत ही एक ओळ वाढवायची.

ही सूचना एकदाच देऊनही भागत नाही. तिस्तेचे पात्र त्या पुरानंतर गाळाने वर आले आहे. दर पावसाळ्यात नदी तो गाळ कापते आणि पुढे नेऊन टाकते. आत पुरलेले उघडे पडते, उघडे असलेले पुन्हा पुरले जाते. त्या पात्रात वाळू आणि गोटे काढणाऱ्या मजुरांची रोजंदारी चालते. पाणी उतरले की ते टोपली-फावडे घेऊन सगळ्यांच्या आधी पात्रात उतरतात, आणि त्यातले अनेक जण हंगामापुरते बाहेरगावाहून आलेले असतात. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रिक्षावरच्या भोंग्यातून जे सांगितले गेले, ते त्यांच्यापैकी कित्येकांच्या कानावर कधीच पडलेले नाही. वाळूचा ठेका दरवर्षी नव्याने दिला जातो. त्या कागदाबरोबर मजुरांच्या मुकादमाला अर्धा तास बसवून हे सांगायला बॉम्बशोधक पथकातला एक माणूस पुरतो.